टीकिंटरमध्ये फोकसची कड ठळक कशी करावी

जळगावजवळच्या एका जिनिंगच्या वजनकाट्यासाठी मी पायथनमध्ये टीकिंटर (पायथनसोबत येणारे, खिडक्या, रकाने आणि बटने बनवण्याचे साधन) वापरून काटापावतीचा छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. कपाशीच्या हंगामात ट्रॅक्टरांची रांग लागली की काट्यावरचे मुनीम माउसला हात लावत नाहीत. टॅब दाबत भरलेले वजन, रिकामे वजन, आर्द्रता असे पुढे जातात. दुपारी केबिनच्या खिडकीतून ऊन पडद्यावर आले की फोकस कोणत्या रकान्यात आहे, म्हणजे टाइप केलेले कुठे उमटेल, ते दिसेनासे होई आणि एकदा आर्द्रतेचे ११ रिकाम्या वजनात जाऊन बसले. चूक माझी होती, कारण मी फोकसची कड मूळची, फिकट आणि बारीकच ठेवली होती.

साध्या एंट्री विजेटला (विजेट म्हणजे रकाना, बटन यांसारखा पडद्यावरचा घटक; एंट्री म्हणजे लिहिण्याचा रकाना) तीन गुणधर्म पुरतात. हायलाइटथिकनेस म्हणजे कडेची जाडी, ती ३ ठेवावी. हायलाइटकलर हा फोकस असतानाचा रंग. हायलाइटबॅकग्राउंड हे नाव फसवे आहे. तो रकान्याच्या आतला रंग नसून फोकस नसतानाचा कडेचा रंग आहे, म्हणून त्याला विंडोच्या पार्श्वभूमीचाच रंग द्यावा, म्हणजे फोकस सरकताच कड नाहीशी होते. कडेची जागा दोन्ही स्थितींत राखलेली असल्यामुळे टॅब दाबताना रकाने हलत नाहीत.

टीटीके, म्हणजे टीकिंटरमधल्याच थीमनुसार रूप बदलणाऱ्या विजेटांना हे गुणधर्मच नाहीत आणि दिल्यास प्रोग्राम त्रुटी दाखवतो. तेथे स्टाइलच्या मॅप पद्धतीने टीएंट्रीला (टीटीकेच्या एंट्रीच्या स्टाइलचे नाव) फोकस स्थितीसाठी बॉर्डरकलर आणि लाइटकलर द्यावे लागतात. टीटीकेसोबत येणाऱ्या क्लॅम नावाच्या थीममध्ये हे चालते, परंतु विंडोजची मूळ थीम कड प्रणालीकडूनच काढून घेत असल्याने तेथे या रंगांचा उपयोग होत नाही. म्हणून मी प्रत्येक टीटीके रकाना साध्या फ्रेममध्ये बसवतो, चारही बाजूंना ३ पिक्सेल मोकळे सोडतो आणि रकान्याच्या फोकसइन व फोकसआउट घटनांना फ्रेमचा रंग बदलणारी फंक्शने बांधतो. चार ओळी जास्त लागतात, पण थीमची कटकट संपते.

रंगाच्या बाबतीत मी आधी पिवळा घेऊन फसलो, कारण पांढऱ्यावर शुद्ध पिवळ्याचा कॉन्ट्रास्ट जेमतेम १.०७:१ भरतो. २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या वेबसाठीच्या मार्गदर्शिकेच्या सर्वांत कडक पातळीवर किमान २ पिक्सेल जाडीच्या कडेइतके क्षेत्र आणि फोकस असताना व नसताना ३:१ इतका फरक मागितला आहे. डेस्कटॉपसाठीही हेच माप धरावे. गर्द निळा त्यात सहज बसतो.

निव्वळ वजनाचा रकाना आपोआप भरतो, म्हणून त्याला टेकफोकस ० द्यावे, म्हणजे टॅब त्यावर थांबत नाही. टॅब सहसा विजेट तयार केल्याच्या क्रमाने फिरतो, तेव्हा रकाने कागदी पावतीच्या क्रमानेच तयार करावेत. शेवटी माउस काढून, पडद्यावर ऊन असताना, पहिल्या रकान्यापासून छपाईच्या बटनापर्यंत दहा पावत्या भरून पाहाव्यात. ते बटन मुळात स्पेसने दाबले जाते, एंटरने नाही. मुनीमांना एंटरची सवय असल्यास ती कळ वेगळी बांधावी लागते.