स्लिम पाकीट घेताना आधी फोनने तपासा
नाशिकच्या मेनरोडला किंवा शालिमारला पाकीट घेताना ‘आरएफआयडी’च्या छापावर, म्हणजे आतलं कार्ड बाहेरून वाचता येणार नाही या दाव्यावर, जाऊ नका. एनएफसी (जवळ टेकवलेलं कार्ड वाचायची सोय) असलेल्या फोनमध्ये ते चालू करा आणि वायफायसारखी खूण असलेलं कार्ड पाठीमागे टेकवा. फोन थरथरला की तेच कार्ड पाकिटात घालून पुन्हा टेकवा, दोन्ही बाजूंनी. आता फोन गप्प राहिला पाहिजे. बाहेरच्या खणात बऱ्याचदा कार्डाची लहर अडवणारं अस्तरच नसतं, आणि घडीवर ते कालांतराने चिरतं. म्हणून सहा महिन्यांनी परत बघा. कार्ड पाऊण मिलिमीटर जाड, त्यामुळे पाच-सहा पुरेत. टॅप करून, म्हणजे कार्ड मशीनला नुसतं टेकवून, पैसे देताना ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही खरा, पण लहर जेमतेम चार सेंटिमीटर पोहोचते. टॅप वापरतच नसाल तर बँकेच्या ॲपमधून ती सोय बंद करा, फुकटात काम होतं.