संगीन रानातली सुरी म्हणून वापरायची असेल तर

रायफलीच्या नळीला लावायची संगीन म्हणजे मुळात भाल्याचे टोक. भोसकण्यासाठी पाते अरुंद, जाड आणि अणकुचीदार लागते, तर कापण्यासाठी ते धारेकडे पातळ होत जावे लागते. या दोन गरजांचा मेळ सहज बसत नाही. म्हणून जुनी संगीन मुक्कामाच्या कामाला घेण्यापूर्वी ती कोणत्या पिढीची आहे हे पाहावे.

ब्रिटिशांच्या नंबर ४ रायफलीची ८ इंचांची खिळ्यासारखी संगीन डब्याला भोक पाडण्यापलीकडे उपयोगाची नाही, कारण तिला धारच नाही. ली-एनफिल्ड रायफलीची १९०७ पॅटर्नची, बंगालातील ईशापूर येथेही बनलेली संगीन १७ इंचांची असल्यामुळे कोयत्याची जागा घेईल असे वाटते. प्रत्यक्षात कोयत्याचे वजन टोकाकडे असते, तिचे नसते, आणि फांदीवर घाव उथळ बसतो. शिवाय अशा जुन्या वस्तूला धार लावली की संग्राहकाच्या लेखी तिची किंमत उतरते. ती भिंतीवरच शोभते.

अवजार म्हणूनही विचार केलेली एक ठळक संगीन म्हणजे सोव्हिएत एकेएम रायफलीची. तिच्या पात्यातील भोक म्यानाच्या टोकावरील खुंटीत अडकवले की दोन्ही मिळून तारेची कात्री होते. हीच कल्पना अमेरिकेने १९८० च्या दशकात स्वीकारलेल्या एम-९ मध्ये आहे. तार कापताना ती खुंटीच्या जितकी जवळ धरता येईल तितकी धरावी आणि ताणलेल्या तारेच्या रेषेत उभे राहू नये, कारण तुटलेले टोक चाबकासारखे उसळते. सोव्हिएत म्यानावर विद्युतरोधक आवरण असते, पण कित्येक वर्षांच्या जुन्या रबराच्या भरवशावर विजेच्या तारेला हात लावणे म्हणजे आत्मघातच.

एम-९ चे पाते ७ इंच लांब आणि सुमारे ६ मिलिमीटर जाड असते. एवढ्या जाडीमुळे उचकटणे आणि माती उकरणे ही कामे निभावतात, मात्र कांदा चिरताना तो कापला जाण्याऐवजी फाटतो. लाकूड फोडण्याचा मोह आवरावा. पाते मुठीत अखंड जात नाही, एक दांडा ते मागच्या टोकाशी आवळून धरतो, त्यामुळे आडवा ताण नेमका त्या जोडावर येतो. मुठीच्या टोकाने खुंट्या ठोकू नयेत. तिथला खटका वाकला की संगीन रायफलीलाही बसत नाही. पाठीवरच्या करवतीच्या दात्यांकडून ओल्या फांदीवर फार अपेक्षा ठेवू नये, कारण जाड पाठ खाचेत रुतते.

नव्या संगिनीची धार बहुधा बोथट असते. पात्याच्या कडेवर मार्करने रेघ ओढून जाडसर दगडावर प्रत्येक बाजूने सुमारे २० अंशांचा कोन धरावा, रेघ सारखी पुसली जाईपर्यंत घासावे आणि मगच बारीक दगड घ्यावा. टोकाकडचा भाग अधिक बारीक करण्याचा हव्यास धरू नये, कारण खोदताना तोच तुटतो. यातले पोलादही ओळखून घ्यावे. अमेरिकी मरीन दलाची २००३ मध्ये आलेली, ८ इंची पात्याची ओकेसी-३एस ही १०९५ जातीच्या कार्बन पोलादाची आहे. तिची धार टिकते, पण पावसाळी हवेत उघडी पडलेली कड लवकर गंजते. एम-९ ची पाती गंजरोधक असतात, धार मात्र वारंवार लावावी लागते.

भारतात शस्त्र नियमांच्या यादीत संगिनीचा नावानिशी उल्लेख आहे, तेव्हा गडावर जाताना ती कमरेला लटकवण्यापूर्वी स्थानिक पोलिसांकडे चौकशी करावी. स्वयंपाकासाठी सोबत छोटी पातळ सुरी ठेवावीच. मुक्काम उठला की पाते पुसून तेलाचा हात फिरवावा, ओले पाते म्यानात घालू नये, आणि म्यानाच्या तळाला पाणी निथळण्याचे छिद्र असल्यास ते चिखलाने बुजलेले नाही ना, हे काडी घालून पाहावे.