वायबीसीओची गोळी नायट्रोजनमध्येही ढिम्म? या चुका टाळा

काळीभोर, टणक, दिसायला झकास गोळी. द्रवरूप नायट्रोजन ओतला, वर चिमुकला चुंबक ठेवला, तर तो तरंगायचं सोडून आपला बसूनच. वायबीसीओ, म्हणजे यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड, 92 केल्विनच्या आसपास अतिवाहक होतं, म्हणजे त्याचा विद्युतरोध शून्य होतो आणि ते चुंबकाला दूर ढकलतं, आणि नायट्रोजन 77 ला उकळतो. गारवा भरपूर होता. खोट गोळीत होती.

अशा वेळी सगळे वजनाचा तराजू तपासायला धावतात. मी आधी विचारतो, भट्टी कशी उतरवलीत, म्हणजे थंड कशी केलीत? 950 अंश सेल्सिअसला भाजलेल्या गोळीत ऑक्सिजन कमी असतो. रासायनिक सूत्रातला (YBa2Cu3Ox) त्याचा आकडा, म्हणजे x, 6 जवळ राहिला तर पदार्थ विद्युतरोधक, 7 कडे सरकला तर अतिवाहक. रंग दोन्हींचा काळाच! हा ऑक्सिजन आत शिरतो तो सावकाश थंड होताना, मुख्यतः 500 ते 400 अंशांच्या टप्प्यात. भट्टीसाठी पुढचा माणूस खोळंबला होता म्हणून मी एकदा 700 लाच गोळी बाहेर काढली. मेलेलीच निघाली. पण फेकू नका. तीच गोळी ऑक्सिजनच्या प्रवाहात 450 ला रात्रभर ठेवली, हळूहळू उतरवली आणि चुंबक तरंगला.

गोळी हिरवट दिसली तर मात्र वजनाकडे किंवा अपुऱ्या भाजणीकडे वळा. 10 ग्रॅम मिश्रणाला यिट्रियम ऑक्साइड 1.513, बेरियम कार्बोनेट 5.289, कॉपर ऑक्साइड 3.198 ग्रॅम, पुड्या आधी वाळवून घ्या. बेरियम कार्बोनेट विषारी आहे, मास्क हवाच. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी पदार्थ ओळखायच्या चाचणीत) 24 अंशांच्या कोनाजवळ बेरियम कार्बोनेटचं शिखर उरलं असेल तर पुन्हा खलून पुन्हा भाजा.

गोळी अतिवाहक झाली का हे पाहायला विद्युतरोध दोन तारांनी मोजलात तर जोडांचा रोधही त्यात मिसळतो आणि शून्य कधीच दिसत नाही. चार तारा लावा, प्रवाह उलटवून सरासरी घ्या. थंड करतानाचा आणि तापवतानाचा आलेख जुळत नसेल तर तापमान फार भरभर बदलताय.

रोध एकदम घसरला म्हणून लगेच पेढे वाटू नका. 2023 मध्ये एलके-99 या पदार्थाचा खोलीच्या तापमानालाच अतिवाहक म्हणून गाजावाजा झाला. तिथली घसरण भेसळ म्हणून उरलेल्या कॉपर सल्फाइडची होती. चुंबकीय मापनही करा.

नायट्रोजनमधून काढलेल्या गोळीवर दव धरतं, आणि वायबीसीओला पाणी सोसत नाही. लगेच कोरडी करून सिलिका जेलच्या डबीत ठेवा.