लाकडी ओट्यावर इपॉक्सी ओतताना बुडबुडे कसे टाळावेत

इपॉक्सीत (रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळून ओतायचा, मग घट्ट होणारा लेप) बुडबुडे दिसले की सगळा दोष ढवळण्यावर जातो. काही तिथून येतातही. पण ओतून तास-दोन तास झाल्यावर ज्या बारीक माळा वर चढतात, त्या लाकडातून. छिद्रांतली हवा फळी तापली की फुगते आणि इपॉक्सीतून वाट काढते. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ गाठतो. तिथं पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी ओतलेला थर दुपारपर्यंत फोडांनी भरणारच.

म्हणून आधी वेळ सांभाळा. उन्हं उतरल्यावर, फळी निवायला लागली की काम सुरू करा. निवताना आतली हवा आकसते आणि इपॉक्सी छिद्रांत ओढली जाते. मात्र हाताला चटका बसेल इतकी गरम फळी नको, माल लगेच घट्ट होतो.

लाकूड पुरतं वाळलेलं हवं. १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा, धूळ काढा, भेगा आणि गाठी आधी भरून घ्या.

मग सील कोट, म्हणजे छिद्रं बंद करणारा पहिला पातळ थर. माझ्या मते निम्मं काम इथंच होतं, आणि घाईत हाच थर गाळला जातो. थोडीच इपॉक्सी घेऊन पुट्टीच्या पत्तीनं दाबून पातळ फिरवा. बॅटरीचा उजेड आडवा मारून बघा: जिथं चकाकी जाऊन मळकट डाग दिसतो, तिथं लाकडानं माल पिलाय. तिथं पुन्हा लावा. फळीच्या कापलेल्या टोकांना तर दोनदा. थर चिकट वाटतो पण बोटाला लागत नाही, अशा वेळी मुख्य थर ओता. रात्र उलटली असेल तर २२० नंबरनं घासून, पुसून मगच.

रेझिन-हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलंच ठेवा. ते वजनाचं आहे की मापाचं, नीट वाचा. तीन-चार मिनिटं सावकाश ढवळा, कडा-तळ खरवडा, दुसऱ्या भांड्यात ओतून पुन्हा ढवळा. थंडीत रेझिन काकवीसारखं जड होतं. मिसळण्याआधी बाटली कोमट पाण्यात ठेवा. ढवळलेला माल भांड्यात ठेवू नका, तो स्वतःच्याच उष्णतेनं तापतो.

३ मिलिमीटर जाडीला एका चौरस मीटरमागे ३ लिटर लागतं. ओतल्यावर पंखा बंद. वर आलेले बुडबुडे फोडायला हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) १५-२० सेंटिमीटरवरून सतत सरकवत फिरवा, पाच-सात मिनिटांनी पुन्हा. थर घट्ट व्हायला लागला की थांबा, नाहीतर लाटा उठतात.

तरी एखादा बुडबुडा राहिलाच तर ओल्यात टोचत बसू नका. पूर्ण सुकू द्या, २२० नंबरनं घासून खड्डा उघडा, धूळ पुसा, थेंबभर इपॉक्सीनं भरा आणि वरून पातळ थर द्या.