ऑक्सिडीकरण आणि क्षपण ओळखताना

रसायनशास्त्राचा अभ्यास नव्याने सुरू केलेले अनेक विद्यार्थी समीकरण समोर येताच त्यात ऑक्सिजन शोधू लागतात आणि तो कोठे जोडला गेल्याचे दिसले नाही, तर ही रेडॉक्स अभिक्रिया, म्हणजे ऑक्सिडीकरण आणि क्षपण एकत्र घडणारी अभिक्रिया, नव्हे असे ठरवून टाकतात. जस्ताची पट्टी मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात बुडवली की तांबे साचते; तेथे ऑक्सिजनची देवघेव मुळीच होत नाही, तरीही जस्ताचा अणू २ इलेक्ट्रॉन गमावतो, म्हणजे त्याचे ऑक्सिडीकरण होते, आणि ते इलेक्ट्रॉन स्वीकारणाऱ्या तांब्याच्या आयनाचे क्षपण होते. म्हणूनच प्रत्येक अणूच्या डोक्यावर त्याचा ऑक्सिडीकरण अंक, म्हणजे त्याने किती इलेक्ट्रॉन गमावले वा मिळवले असे मानायचे ते दाखवणारा अंक (तो वाढला की ऑक्सिडीकरण, घटला की क्षपण), लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे मी शिकताना आणि पुढे शिकवतानाही आग्रहाने मानत आलो आहे.

अंक लिहिण्याचे नियम थोडे आहेत. मुक्त मूलद्रव्याचा अंक ० आणि साध्या आयनाचा त्याच्या प्रभाराइतका असतो. ऑक्सिजनचा बहुधा −२, पण पेरॉक्साइडमध्ये −१. हायड्रोजनचा बहुधा +१, पण धातूंच्या हायड्राइडमध्ये −१.

या पद्धतीचे खरे मोल मँगनीज डायऑक्साइड आणि संहत हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या अभिक्रियेत कळते. मँगनीज +४ वरून +२ वर येते, म्हणजे त्याचे क्षपण होते. मात्र आम्लाच्या ४ रेणूंपैकी केवळ २ रेणूंतील क्लोरीन −१ वरून ० वर जाऊन वायुरूपाने बाहेर पडतो आणि उरलेला मँगनीज क्लोराइडमध्ये −१ वरच राहतो. एकच पदार्थ येथे क्षपणक (दुसऱ्याचे क्षपण घडवणारा) आणि साधे आम्ल अशी दोन्ही कामे करतो. हे नीट उमगले की समीकरण संतुलित करताना होणारा बराचसा गोंधळ टळतो.

रंगावर मात्र विसंबू नये. पिवळ्या क्रोमेटच्या द्रावणात आम्ल घातले की ते नारिंगी डायक्रोमेट होते, पण क्रोमियमचा अंक आधीही +६ आणि नंतरही +६, म्हणून हा बदल रेडॉक्स नाही. याउलट हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन होताना डोळ्यांना केवळ बुडबुडे दिसतात, आणि तरीही −१ अंकाचा काही ऑक्सिजन ० वर चढतो, तर काही −२ वर उतरतो. तेथे ऑक्सिडक (दुसऱ्याचे ऑक्सिडीकरण घडवणारा) आणि क्षपणक अशा दोन्ही भूमिका पेरॉक्साइडच बजावते.