मुद्दाम वाईट कथा लिहिताना या चुका टाळा

पहिली आणि सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे लांबण. अमेरिकेतील सॅन होजे स्टेट विद्यापीठात प्राध्यापक स्कॉट राइस यांनी १९८२ मध्ये सुरू केलेल्या बुल्वर-लिटन स्पर्धेत संपूर्ण कादंबरी नव्हे, तर कधीच लिहिल्या न जाणाऱ्या कादंबरीचे केवळ पहिले वाक्य, तेही होता होईल तितके वाईट, मागवले जात असे. स्पर्धेला ज्यांचे नाव दिले, त्या लेखकाची १८३० मधील ‘पॉल क्लिफर्ड’ ही कादंबरी काळोख्या, वादळी रात्रीने सुरू होते. (तशी रात्र आपल्या कोकणात जून ते सप्टेंबर हवी तितकी मिळते, दिवे गेलेले असतात ते वेगळेच.) वाईटपणाची गंमत एका वाक्यात, फार तर एका परिच्छेदात टिकते, दहाव्या पानावर वाचकाला तो खराच वाईट वाटू लागतो.

आता हे वाक्य पाहा: ‘मालवणच्या किनाऱ्यावर मावळता सूर्य जखमी योद्ध्यासारखा समुद्रात कोसळला, लाटांनी त्याला कुशीत घेतले, माडांनी माना खाली घातल्या आणि हे सारे पाहून गहिवरलेल्या शालिनीने हातातल्या सुरमईचे पोट साफ करायला घेतले.’ येथे सुरमई शेवटी आली म्हणूनच हसू येते. मराठीत क्रियापदाची वाट पाहावी लागते, त्याचा हा फायदा आहे. सुरमई आधी आणली की उरते ते केवळ वर्णन.

निवेदकाने स्वतः हसणे ही दुसरी चूक. उद्गारचिन्हांची रांग किंवा कंसातली कोपरखळी दिसली, की वाचक सावध होतो. आपण अजरामर साहित्य लिहीत आहोत, अशी निवेदकाची अढळ श्रद्धा हवी.

वस्तुस्थितीची चूक अधिक घातक असते. रत्नागिरीत सूर्य समुद्रातून उगवला किंवा नायक जुलैत, म्हणजे यांत्रिक मासेमारी बंद असताना, ट्रॉलर घेऊन निघाला, असे लिहिल्यास कोकणातला वाचक हसणार नाही; लेखकाला काही ठाऊक नाही, एवढेच तो म्हणेल. चूक हवीच असेल, तर ती त्याच वाक्यात उघड करावी: ‘मधुराच्या प्रेमात दिशा विसरलेला सूर्य त्या दिवशी भाट्याच्या समुद्रातून उगवला.’

मालवणी बोलीची थट्टा करू नये. ‘खंय’, ‘मगे’ आणि ‘गो’ या तीन शब्दांवर सगळे संवाद उरकणाऱ्या, दोन दिवस लॉजवर राहून गेलेल्या लेखकाची थट्टा अवश्य करावी. बोली बोलणारा माणूस मात्र त्या संवादांपेक्षा शहाणा दिसला पाहिजे.

अशुद्धलेखनाने तर काहीच साधत नाही. आचार्य अत्रे यांनी केशवकुमार या नावाने लिहिलेल्या ‘झेंडूची फुले’मधील विडंबने आजही हसवतात, कारण ज्या कवितेची टर उडवायची तिची चाल आणि शब्दकळा त्यांच्या पूर्ण हातात होती.

एवढे करूनही कथा जमत नसेल, तर ती कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावी. ऐकणाऱ्याने मध्येच थांबवून, शालिनीचे पुढे काय झाले, असे मनापासून विचारले, तर कथा चांगली होऊ लागली आहे असे समजावे. ती निमूटपणे एखाद्या दिवाळी अंकाकडे पाठवावी आणि वाईट कथेसाठी नवा कागद घ्यावा.