शेडमध्ये पडून असलेली मारुती 800 पुन्हा रस्त्यावर आणताना

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी दिसली की कुणीतरी बॅटरी आणतो आणि म्हणतो, "एकदा सेल्फ मारून बघू." मारू देऊ नका. कोरड्या सिलिंडरमध्ये रिंगा घासतात, टाकीच्या तळाचा गंज इंजिनाच्या पेट्रोल-पंपातून कार्बोरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात) ओढला जातो, आणि जे इंजिन वाचलं असतं ते त्या एका मिनिटात बिघडतं.

मी लिहितोय ते काकांच्या गाडीवरून. 1998ची पांढरी मारुती 800, कार्बोरेटरवाली, तीन सिलिंडर, 796 सीसी. संगमेश्वरकडच्या घरी पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. काका गेल्यावर तिला कुणी चालवलं नाही, पण काकी दर दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालायची. अशी गाडी भंगारात जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

आधी उंदीर. बॉनेट उघडण्यापूर्वी काठीनं ठोका. उंदरांमागे साप येतो, कोकणात हे सांगायला नको. मग एअर फिल्टरचा डबा, हीटरची वाट, मागच्या सीटखालची जागा बघा. आमच्या फिल्टरच्या डब्यात पेंढा आणि गोणपाटाचे धागे ठासून भरले होते. वायरिंग बोटांनी चाचपत शेवटपर्यंत जा. कुरतडलेली वायर नुसती चिकटपट्टीनं गुंडाळू नका. तेवढा तुकडा कापून नवा जोडा, तोवर बॅटरी जोडूच नका.

गाडी उचलायची तर जॅकखाली फळी आणि बॉडीखाली लोखंडी स्टँड. जांभ्याच्या चिऱ्यावर गाडी टेकवायची सवय आपल्याकडे आहे. चिरा वजनाखाली कधी फुटेल याचा भरवसा नसतो, आणि तुम्ही गाडीखाली असता.

आता पेट्रोल. जुन्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येतो आणि ते तांबूस दिसतं. ते सगळं काढा. विहिरीजवळ किंवा गटारात ओतू नका. बंद कॅनमध्ये भरून बाजूला ठेवा. टाकी खाली उतरवून आतून धुवा, पूर्ण वाळवा. तळाला गंजाचे पापुद्रे सुटत असतील तर दुसरी टाकी बघा, कारण तो गंज पुन्हा पुन्हा फिल्टर तुंबवेल. टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप बदला. हल्ली रस्त्यावरच्या पेट्रोल पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओलावा धरतं आणि जुनं रबर खातं, म्हणून पाइप घेताना ते इथेनॉलला चालतात का, हे दुकानदाराला विचारून घ्या. गाडीतल्या पंपाचा रबरी पडदाही त्याच कारणानं नवा टाका.

कार्बोरेटर उघडला की फ्लोटच्या, म्हणजे पेट्रोल साठतं त्या, वाटीत हिरवट-तपकिरी थर दिसेल. क्लीनरनं आणि हवेच्या दाबानं साफ करा. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जातं त्या बारीक भोकात, तार घालू नका. भोक जरासं मोठं झालं तरी गाडी काळा धूर सोडत राहते. गॅस्केट आणि सीलचं किट नवं टाका.

इंजिन मोकळं करायला घाई नको. तिन्ही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हातानं, इंजिन फिरतं त्याच दिशेनं फिरवा. अडलं तर जोर करू नका. पुन्हा तेल, पुन्हा वाट. मोकळं फिरलं की जुनं ऑइल आणि फिल्टर बदला. टायमिंग बेल्ट दिसायला चांगला असला तरी नवा टाका. रबराचं वय झालेलं असतं आणि बेल्ट तुटला की इंजिन जागेवर बंद.

रेडिएटरमध्ये आपल्याकडे बरेचजण साधं पाणीच भरत. या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, त्याला ते मानवत नाही. लालसर पाणी काढून साफ पाणी येईपर्यंत धुवा, पाइप दाबून बघा, मग कूलंट घाला.

ब्रेकवर मात्र एक पैसाही वाचवू नका. इंजिन बंद पडलं तर गाडी फक्त उभी राहते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि कोकणातल्या एकेका पावसाळ्यात तो आतून ब्रेकचे सिलिंडर गंजवतो. मागचे ड्रम उघडा. हँडब्रेक ओढून गाडी ठेवली असेल तर लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारे पट्टे) ड्रमला चिकटलेले असतात. ड्रमच्या कडेला लाकडी हातोडीनं हलकेच ठोकत सोडवा. व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरचे सील आणि रबरी होस बदला, पुढचे कॅलिपर मोकळे सरकतात का बघा. नंतर डॉट 3 ब्रेक ऑइल भरून पाइपांतली एअर काढा: एक जण पेडल दाबून धरेल, दुसरा चाकाजवळचा निप्पल (हवा सोडायचा छोटा स्क्रू) सोडेल, आणि निप्पल बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

टायरची नक्षी बघून फसू नका. बाजूवरचे चार आकडे वाचा. 2309 म्हणजे 2009च्या तेविसाव्या आठवड्यातला. असा टायर कितीही काळा आणि जाड दिसला तरी टाकून द्या.

पहिल्यांदा चालू करताना प्लग काढलेले आणि कॉइलची वायर सुटी ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ फिरवा. मग प्लग लावा आणि पेट्रोल टाकीतून न देता स्वच्छ छोट्या कॅनमधून पंपाला द्या. कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतणारा मिस्त्री भेटला तर त्याला थांबवा. तिथून भडका उडतो. शेजारी वाळूची बादली ठेवा.

रस्त्यावर नेण्याआधी कागद बघा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी आरटीओत तपासणी आणि हरित कर. विमा आणि पीयूसी अर्थातच.

पहिली फेरी गावातल्या सपाट रस्त्यावर, चार-पाच किलोमीटरची. परत आल्यावर चारही चाकांजवळ हात न टेकवता धरून बघा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा तापलं असेल तर तिथला ब्रेक अजून धरतोय. ते चाक पुन्हा उघडा, आणि तोवर आंबा घाटाकडे गाडी वळवू नका.